कांदा महागला की पहिलं पान, कोसळला की जिल्हा पुरवणी

चांदवडकर

मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकतो.

कांद्याचे भाव चढले की मुंबई-पुण्याच्या पेपरात पहिल्या पानावर मथळा ठरलेला: 'कांदा रडवणार', 'कांद्याने केला वांदा'. वाहिन्यांवर हातगाडीसमोर एखाद्या ताईंपुढे माइक धरतात आणि विचारतात, "बजेट कोलमडलं का?" आठवडाभर हे सगळीकडे चाललं की दिल्लीत हालचाल सुरू होते. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यातबंदी आली. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा आली. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, ८ डिसेंबरला पूर्ण बंदी, आणि ती उठली थेट ४ मे २०२४ ला. तोपर्यंत आमच्याकडचा लाल (खरिपाचा) कांदा आणि त्यामागून येणारा रांगडा दोन्ही मातीमोल भावाने विकून झाले होते. बंदी आली त्या दिवशी आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग लोकांनी अडवला, तेव्हा कुठे दोन मिनिटं कॅमेरा इकडे वळला. त्यातही निम्मा वेळ 'वाहतुकीची कोंडी'.

भाव पडल्याची बातमी पहिल्या पानावर यायला काय करावं लागतं, तेही सांगतो. २०१८ च्या अखेरीस आमच्याच जिल्ह्यातल्या निफाडच्या एका शेतकऱ्याने साडेसात क्विंटल (साडेसातशे किलो) कांद्याचे हाती आलेले १०६४ रुपये मनीऑर्डरने पंतप्रधान कार्यालयाला पाठवून दिले. ती बातमी देशभर गेली. त्याच आठवड्यात त्याच भावात कांदा विकून गपचूप घरी गेलेल्या हजारोंची बातमी झाली नाही.

माझा प्रश्न असा. शहरातल्या माणसाचं कांद्याबद्दलचं मत बातमी घडवते, की मत आधीच तयार असतं आणि बातमी ते फक्त छापते? कांदा महागला की तुमच्या घरी, ऑफिसात काय बोलणं होतं ते मोकळेपणाने लिहा. पक्षांची नावं नकोत, नाहीतर धाग्याला कुलूप लागेल.

रानवारा

महत्त्वाचा विषय. वाचतोय.

मृदुला_ठाणे

चांदवडकर दादा, तुमची कळकळ पोचली, पण दुसरी बाजू मांडते.

मी घरगुती डबे देते. गिऱ्हाईकांशी महिन्याचे पैसे आधी ठरलेले असतात. कांदा वीसवरून ऐंशीवर गेला तरी डब्याचा भाव मला मध्येच वाढवता येत नाही. उसळ, रस्सा, पोहे, झुणका, सगळ्याला कांदा लागतो. गिऱ्हाईक विचारतं, "आज भाजी पातळ का?" तेव्हा ती माइकसमोरची ताई खोटं बोलत नाही हो. तिचं बजेट खरंच कोलमडलेलं असतं. बातमीने आम्हाला भाव शिकवला नाही, भाजीवाल्याने शिकवला.

चांदवडकर

मृदुलाताई, तुमचं अगदी खरं आहे आणि त्या ताईवर माझा काडीचा राग नाही. माइक तिच्यापुढे येतो, तसा भाव शंभर-दीडशे रुपये क्विंटलवर येतो तेव्हा बाजार समितीच्या फाटकाशी का येत नाही, एवढंच माझं म्हणणं.

रात्रपाळी

मी कित्येक वर्षं एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो, आता निवृत्त आहे. हे कसं घडतं ते आतून सांगतो.

पेपरची जी किंमत तुम्ही देता तीत कागदाचा खर्चही पुरा निघत नाही. पेपर चालतो जाहिरातींवर. आणि गृहप्रकल्प, सोनं, मोटारी, मोबाइल यांच्या जाहिरातदाराला हवा असतो शहरातला खरेदीदार वाचक. त्यामुळे मुख्य आवृत्तीचं पहिलं पान लावताना डोळ्यांपुढे तोच वाचक असतो. कोणी केबिनमध्ये बोलावून 'शेतकऱ्याविरुद्ध लिहा' असं सांगत नाही. तशी गरजच पडत नाही. भाव चढला की बातमी 'आपल्या वाचकाची' होते. भाव पडला की ती 'नाशिकची' होते.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. जिल्हा आवृत्त्या आल्या तेव्हा गावोगावच्या बातम्यांना जागा मिळाली म्हणून आम्हीच आनंदलो होतो. जागा मिळाली हे खरंच. पण नाशिकची बातमी नाशिकच्या आवृत्तीत छापून मोकळं व्हायची सवय लागली आणि ती पुण्याच्या वाचकापर्यंत पोचेनाशी झाली. निफाडात रास्ता रोको झाला, तर तो निफाडकरांनीच वाचला. आपली बातमी छापून आली या समाधानात ते, आणि तिकडे पुण्यात कुणाला पत्ताच नाही. माझ्या मते कांद्यावरच्या जनमताचं सगळ्यात मोठं नुकसान या विभागणीने केलं.

तिसरं म्हणजे मथळा. रात्री अकरा वाजता पान सोडायचं असतं. 'कांदा रडवणार' हा मथळा हाताशी तयार असतो, दोन कॉलमात बसतो आणि कुणाला समजावून सांगावा लागत नाही. 'साठवणुकीतील घट व लांबलेल्या पावसामुळे आवक मंदावली' हे बसत नाही. बसवायचा प्रयत्नही फारसा होत नाही.

कोल्हापुरी_चप्पल

रात्रपाळी काकांच्या प्रतिसादाला +१००. जिल्हा आवृत्तीचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. आमच्याकडे उसाचंही हेच. दराचं आंदोलन आमच्या पानावर चार कॉलम, आणि पुण्यातला भाऊ फोनवर विचारतो, "काय रे, काही चाललंय का तिकडे?"

आकडेमोड

थोडं मोजून बघू. ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२ च्या मालिकेत कांद्याचं भारमान, म्हणजे एकूण खर्चातला वाटा, ०.६४ टक्के होतं. म्हणजे सरासरी कुटुंबाच्या शंभर रुपये खर्चातला एक रुपयासुद्धा कांद्यावर जात नव्हता. चौघांच्या घरात महिन्याला पाच किलो धरा. किलोमागे चाळीस रुपये वाढले तर महिन्याला दोनशे रुपये जास्त. शाळेची फी, औषधं, गॅस यांत याहून मोठी वाढ वर्षभर होत असते, पण तिची अशी रोजची गाजावाजा होणारी बातमी होत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये टोमॅटो, कांदा, बटाट्यावर अभ्यास केला. ग्राहक कांद्यासाठी जो रुपया देतो त्यातले साधारण ३६ पैसे शेतकऱ्याला मिळतात. उरलेले ६४ पैसे व्यापार, वाहतूक, घट आणि किरकोळ विक्री यांत जातात. कांदा ऐंशीला गेला तेव्हा या वाटणीबद्दल किती बातम्यांनी सांगितलं?

मृदुला_ठाणे

आकडेमोड, सरासरी कुटुंबाचा हिशेब मला सांगू नका. माझ्याकडे पोळ्या लाटायला येणाऱ्या मावशींच्या घरी भाकरीबरोबर कांदा हीच भाजी असते. त्यांना दोनशे रुपये म्हणजे काय, ते निर्देशांकात दिसत नाही. ३६ पैशांचा मुद्दा मात्र पटला. तो मला आज पहिल्यांदा कळला, आणि मी रोज पेपर वाचते!

आकडेमोड

मावशींचा मुद्दा मान्य. सरासरीत गरीब घर झाकलं जातं. मग उपाय रेशनवर स्वस्त कांदा देण्याचा हवा, सरसकट बंदीचा नको. बंदीने श्रीमंताचाही कांदा स्वस्त होतो, आणि पैसे जातात चांदवडकरांच्या खिशातून.

ट्रॉली_नंबर_४०

आम्ही विंचूरजवळचे. लिलावात उभं राहून जे दिसतं ते सांगतो, म्हणजे भावाच्या बातमीत कुठे गफलत होते ते कळेल.

सकाळी ट्रॅक्टर-ट्रॉल्या रांगेत लागतात. व्यापारी आणि समितीचा माणूस ट्रॉलीजवळ येतात. व्यापारी ढिगात हात घालून खालचा कांदा वर काढतो, पत्ती (वरचं साल) बघतो, रंग बघतो, दाबून बघतो, मान जाड आहे का बघतो. अर्ध्या मिनिटात बोली होऊन पुढच्या ट्रॉलीकडे. दिवसाअखेर समिती तीन भाव जाहीर करते: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. समजा किमान १२००, कमाल ४८०० आणि सर्वसाधारण ३१०० क्विंटलला. ४८०० चा भाव एखाद-दोन निवडक ट्रॉल्यांना मिळालेला असतो. बहुतेकांच्या हाती पडतात ३१०० च्या आसपास. त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं जातं, गोल्टी (बारीक कांदा) वेगळी निघते ती वेगळ्या भावाने.

बातमी कशाची होते? 'कांदा ४८०० वर!' मुहूर्ताच्या सौद्याला तर विचारूच नका. हंगामाची पहिली ट्रॉली, तिला हार, गुलाल, शेतकऱ्याला टोपी-टॉवेल-नारळ आणि मानाची बोली. तो भाव त्या एका ट्रॉलीपुरता असतो, कौतुकाचा असतो. दुसऱ्या दिवशी तोच फोटो 'विक्रमी भाव' म्हणून राज्यभर फिरतो आणि मुंबईच्या पाहुण्याचा फोन येतो, "यंदा मजा आहे तुमची."

अजून एक सांगायचंय. उन्हाळी कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो. तो चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) भरून ठेवला नाही तर ऑगस्ट-सप्टेंबरात तुम्हाला खायला काय मिळणार? सप्टेंबरपर्यंत तिसरा हिस्सा सडण्यात आणि वजन घटण्यात जातो हे धरूनच आम्ही चालतो. एका वाहिनीने आमच्या भागातल्या अशाच एका चाळीचं चित्रण करून वर 'साठेबाजांचा पर्दाफाश' असं लिहिलं होतं. बांबू आणि पत्र्याची चाळ ती, बाहेरून आत सगळं दिसतं, लपवायला जागा कुठे आहे? घरातल्या लेकरांनी ते टीव्हीवर पाहिलं. त्यांना काय सांगायचं?

रात्रपाळी

ट्रॉली नंबर ४०, तुमचा हा प्रतिसाद पत्रकारितेच्या वर्गात वाचून दाखवायला हवा. कमाल भाव मथळ्यात आणि सर्वसाधारण भाव शेवटच्या ओळीत, हे आमच्याकडे सर्रास होतं. वार्ताहर तिन्ही भाव पाठवतो. टेबलावर मोठा आकडा वर जातो.

नारायणगावची_सून

टोमॅटोचं ऐका. जुलै २०२३ मध्ये भाव गगनाला भिडले आणि जुन्नर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची 'टोमॅटोने केलं करोडपती' अशी बातमी सगळीकडे गाजली. ती खोटी नव्हती. त्या कुटुंबाने मेहनतीने पिकवलं, नशिबाने साथ दिली. पण त्या बातमीचा शहरावर जेवढा परिणाम झाला त्याहून जास्त शेतकऱ्यांवर झाला! माझ्या दिरांनी ती बघूनच आणखी एक एकर लावला. आजूबाजूलाही तेच. सप्टेंबरात भाव असा कोसळला की तोडणीची मजुरी सुटेना. क्रेट रस्त्याच्या कडेला ओतले लोकांनी.

म्हणून चांदवडकर भाऊंच्या प्रश्नाला माझं उत्तर: बातमी मत तर घडवतेच, पण शेतात काय आणि किती लावायचं तेही ठरवते. करोडपतीच्या बातमीबरोबर 'बाकीच्यांनी किती लावलंय' एवढी एक ओळ असती तर दीर थांबले असते.

अंडाकरी

थोडं अवांतर, पण जोडून आहे. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो ही अफवा व्हॉट्सॲपवर फिरली. आजारी कोंबड्यांचे कुठलेतरी जुने फोटो, खाली दोन ओळी. शेडवर जिवंत कोंबडीचा भाव किलोला दहा रुपयांच्याही खाली गेला. काहींनी पक्षी फुकट वाटले, काहींनी पुरले. तेलंगणातल्या मंत्र्यांनी हैदराबादेत व्यासपीठावर चिकन खाऊन दाखवलं, आपल्याकडे पशुसंवर्धन खात्याने खुलासे केले. अफवा एका रात्रीत घरोघर पोचली होती, खुलासा पोचायला महिने लागले.

आता उलटं उदाहरण. १९८२ साली डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने अंडी उत्पादकांनी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी केली. 'संडे हो या मंडे, रोज खाओ अंडे' ही तिचीच जाहिरात. ज्या घरांत अंडं चोरून खाल्लं जायचं तिथे ते 'पौष्टिक नाश्ता' झालं. जाहिरातीचा पैसा उत्पादकांचा, आणि रोजचा भाव जाहीर करणारी संस्थाही त्यांचीच. म्हणून अंड्याची बातमी करायची तर पत्रकाराला उत्पादकांकडेच यावं लागतं. कांदा उत्पादकांना हे का जमू नये?

ट्रॉली_नंबर_४०

अंडाकरी भाऊ, अंड्यामागे मोठ्या शेडवाले संघटित आहेत. आमच्यात एक-दोन एकरवाले लाखो. वर्गणी कोण गोळा करणार? पण कल्पना चांगली आहे. निदान भाव सांगायची जागा तरी आपली हवी.

जुना_बिल्ला

पोरांनो, ही जागा करायचा प्रयत्न झालेला आहे. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी पुण्याजवळ चाकणला कांद्याच्या प्रश्नावर आंदोलन उभं केलं तेव्हा त्यांनी आधी 'वारकरी' नावाचं साप्ताहिक काढलं होतं. १९७९ साल. शहरातल्या पेपरांवर विसंबून चालणार नाही हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. मी कॉलेजात होतो. गावात एक अंक यायचा, पारावर एकजण मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. उत्पादनखर्च कसा काढायचा हे आम्ही त्यातून शिकलो. शेणखताचे, घरच्या बाईच्या मजुरीचे पैसे हिशेबात धरायचे असतात हे त्याआधी आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

नोव्हेंबर १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात ऊस आणि कांद्यासाठी रस्ते आणि रेल्वे अडवली, तेव्हा मोठ्या पेपरांना लिहावंच लागलं. जोशींचा 'भारत आणि इंडिया', म्हणजे गावाकडचा देश वेगळा आणि शहरातला वेगळा, हा मुद्दा लोकांना पटला, कारण तो आधी पारावर पोचलेला होता. आज प्रत्येकाच्या हातात फोन आहे, पण पारावरचा तो हिशेब त्यात येत नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं.

सावरगाव_एक्सप्रेस

निवडणुकीच्या दिवसांत तर बातमी कोणती आणि जाहिरात कोणती हेच कळत नाही. २००९ च्या विधानसभेच्या वेळी एकाच नेत्याच्या स्तुतीचा तोच लेख शब्दशः वेगवेगळ्या मराठी पेपरांत आला होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी तो प्रकार उजेडात आणला. पुढे प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने पेड न्यूजवर (पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या मजकुरावर) ७१ पानी अहवाल लिहिला. कौन्सिलने २०१० मध्ये नावं गाळून छोटा अहवाल काढला, पूर्ण अहवाल पुढे माहिती आयोगाच्या आदेशानंतर बाहेर आला.

रात्रपाळी

त्याला आमच्यात 'पॅकेज' म्हणत. आता जिल्हापातळीवर माध्यम प्रमाणन आणि संनियंत्रण समिती असते. पेड न्यूज ठरली तर जाहिरातीच्या दराने तिचा खर्च उमेदवाराच्या खात्यात धरतात. सिद्ध करणं अवघड, कारण पावती कुठेच नसते.

व्यवस्थापक

सावरगाव एक्सप्रेस, पेड न्यूजवर वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू. इथे कांदा चालू द्या.

दुबई_पुणे_दुबई

इथे दुबईच्या मंडईत भारतीय कांद्याला मान आहे. पण बंदी आली की त्याच जागी पाकिस्तानचा, इजिप्तचा, चीनचा कांदा येतो. घेणाऱ्याला दुसऱ्याची सवय लागली की बंदी उठल्यावरही तो सहज परत येत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत जाहीर कार्यक्रमात सांगितलं होतं की बंदी अचानक आल्यामुळे आपण आचाऱ्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितलंय. सगळे हसले, बातमीही गमतीची म्हणून फिरली. त्या वाक्यात एका हक्काच्या गिऱ्हाइकाची तक्रार होती, ती मात्र कुणी उलगडून सांगितली नाही.

कोल्हापुरी_चप्पल

चला, आपणच मथळे सुचवू. मोठे नकोत, दोन कॉलमात बसायला हवेत!

'ग्राहकाला ६०, शेतकऱ्याला २२'

नारायणगावची_सून

'चाळीत सडला, ताटात चढला'

मृदुला_ठाणे

'डबेवाली आणि कांदेवाला, दोघेही अडचणीत' 😀

रात्रपाळी

चप्पलरावांचा मथळा मी डोळे मिटून पहिल्या पानावर घेतला असता. छोटा आहे, खरा आहे आणि वाचणारा थांबतो.

पेठेतला

सगळं वाचलं. मी शहरी आहे, पुण्यातच वाढलो. मूळ प्रश्नाचं उत्तर देतो. आमच्या ऑफिसच्या डब्याच्या टेबलावर कांदा महागला की हमखास येणारं वाक्य म्हणजे "शेतकऱ्याला मिळत नाही हो, मधले दलाल खातात." पाच मिनिटांनी तेच लोक म्हणतात, "बंदी घातली ते बरं झालं." यात विसंगती आहे हे कुणाला जाणवत नाही, कारण दलालाची बातमी आणि बंदीची बातमी वेगवेगळ्या दिवशी येते. बंदीनंतर लासलगावच्या कांदा बाजारात भाव किती पडला हे तिसऱ्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर टेबलावरचं बोलणं बदललं असतं, असं मला मनापासून वाटतं. लोक वाईट नाहीत. त्यांच्यापर्यंत गोष्टीचा एक तुकडा येतो आणि त्याच तुकड्यावर मत तयार होतं.

चांदवडकर

पेठेतले, मला हवं होतं ते तुम्ही लिहिलंत. मृदुलाताई, तुमच्या मावशींची बाजू मी आता आमच्या गावातही सांगेन. तिथेही लोक म्हणतात, "शहरवाल्यांना सिनेमाला पैसे आहेत, कांद्याला नाहीत." तेही अर्धंच.

रात्रपाळी काका, एक विचारतो. वाचकांनी पत्र लिहिलं तर खरंच फरक पडतो का?

रात्रपाळी

एका पत्राने पडत नाही. एकाच मागणीची वीस पत्रं शहरातल्या वाचकांकडून आली तर सकाळच्या बैठकीत विषय निघतो. मागणी सोपी ठेवा: भाजीच्या भाववाढीची बातमी देताना त्याच चौकटीत त्या दिवशीचा लासलगावचा सर्वसाधारण भाव छापा. पणन मंडळाच्या संकेतस्थळावर तो रोज असतो, शोधायला दोन मिनिटं लागतात. आणि पत्र शेतकऱ्यांनी नको, ठाणे-पुणे-डोंबिवलीकरांनी लिहायला हवं.

मृदुला_ठाणे

मग पहिलं पत्र माझं. आज रात्री मसुदा इथे टाकते, रात्रपाळी काकांनी कात्री लावावी. ट्रॉली नंबर ४० भाऊ, किमान-कमाल-सर्वसाधारण हे तुम्ही जसं समजावलंत तसंच घालते, चालेल ना?

ट्रॉली_नंबर_४०

चालेल ताई. सोमवारी लिलावाला जातोय, त्या दिवशीच्या पट्टीचा (विक्रीच्या पावतीचा) फोटो काढून टाकतो. नाव झाकून. तीच पत्राला जोडा.